उष्णता आणि पाण्याचा ताण : पीक कोणती संरक्षक प्रथिने तयार करते?

प्रश्न :
तापमान वाढले की वनस्पती हीट शॉक प्रथिने तयार करतात, असे वाचनात आले. पाणी कमी पडल्यावरही हीच प्रथिने कामी येतात की त्यासाठी वेगळी व्यवस्था असते? शिवाय ही प्रथिने एवढी उपयोगी असतील, तर फुलोऱ्यात तीव्र उष्णता आल्यावर दाणे का भरत नाहीत?

प्रतिसाद १ :
उष्णतेने प्रथिनांच्या घड्या उलगडतात आणि अशी उलगडलेली प्रथिने एकमेकांना चिकटून त्यांच्या गुठळ्या होतात. एरवी एचएसपी-७० आणि एचएसपी-९० ही हीट शॉक प्रथिने (‘एचएसपी’ हे त्यांचेच लघुरूप) ‘एचएसएफ’ या, जनुके चालू करणाऱ्या नियामक प्रथिनाला धरून ठेवतात. मात्र बिघडलेली प्रथिने वाढली की या एचएसपी तिकडे गुंततात, नियामक मोकळा होतो आणि त्याचे तीन-तीन रेणू एकत्र येऊन केंद्रकातील संबंधित जनुके चालू करतात. त्यानंतर आकाराने लहान असलेल्या एचएसपी बिघडू लागलेल्या प्रथिनांना धरून गुठळी होऊ देत नाहीत, तर एचएसपी-१०१ झालेल्या गुठळ्या सोडवते. या लहान एचएसपींचे वैविध्य वनस्पतींत प्राण्यांपेक्षा कितीतरी अधिक आहे, आणि ज्या जिवाला उठून सावलीत जाता येत नाही त्याच्या बाबतीत मला ते स्वाभाविक वाटते.

प्रतिसाद २ :
पाण्याच्या ताणात अ‍ॅब्सिसिक आम्ल हे वनस्पती-संप्रेरक वाढते, पर्णरंध्रे मिटतात आणि ‘एलईए’ (लेट एम्ब्रियोजेनेसिस अबंडंट) नावाची संरक्षक प्रथिने तयार होतात. ती प्रथम कापसाच्या बियांमध्ये आढळली. बहुतेकांना स्वतःची ठरलेली घडी नसते. म्हणूनच त्यांतील ‘डीहायड्रिन’ गटातील प्रथिने उकळली तरी साकळत नाहीत. पेशी सुकू लागली की एलईए प्रथिने पेशीपटलांना आणि इतर प्रथिनांना आधार देतात. तरीही दोन्ही व्यवस्था पूर्णपणे वेगळ्या मानू नयेत, कारण रंध्रे मिटल्यावर बाष्पोत्सर्जन घटते, पान तापते आणि कोरड्या जमिनीतल्या पिकाला एचएसपींचीही गरज पडते.

प्रतिसाद ३ :
दाण्यांच्या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच अंशी परागकणांत आहे. पानांत एचएसपी झपाट्याने तयार होतात, पण पक्व होत आलेल्या परागकणांत हा प्रतिसाद क्षीण असतो. भाताच्या फुलोऱ्यात तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या वर गेले, तर झाड हिरवेगार राहूनही परागकोश नीट फुटत नाहीत आणि दाणे पोचट राहतात. त्यामुळे उष्णता-सहनशील वाण निवडताना केवळ पाने तपासणे मला अपुरे वाटते. परागकणांची जिवंतता आणि दाणे भरण्याचे प्रमाणही मोजायला हवे.