मोठेपणी हाती घेतलेलं वाद्य आणि रोजचा रियाज: तुमचे अनुभव लिहा

नोकरी-संसार सांभाळून वाद्य शिकायला घेतलेल्या आणि नेमाने रियाज करणाऱ्या मंडळींसाठी हा धागा. मैफल करायची नाही, परीक्षा द्यायची नाही, तरी सूर नीट लागावा, हात सुधारावा ही ओढ आहे, अशांचे अनुभव वाचायचे आहेत. मिळेल तेवढ्या वेळात नेमकं काय वाजवता? कुठे अडलात? काय केल्यावर पुढे सरकलात? तपशील लिहा, तो इतरांच्या कामी येईल.

सुरुवात माझ्यापासून.

सतार

तिशी उलटल्यावर शिकायला लागले. मिझराब (तार छेडायची नखी) बोटात बसते, डाव्या हाताच्या बोटांना घट्टेही पडतात. खरा वेळ घेते ती मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता सरकणं. रिषभाच्या पडद्यावरून तार ओढून गंधार काढायचा, तर तो गंधार आधी कानात पक्का हवा. म्हणून मी तो त्याच्याच पडद्यावर वाजवते, तंबोऱ्यात मिसळतोय ना ते ऐकते, मग मागच्या पडद्यावर येऊन तार ओढत त्याच जागी पोचते. अर्धा तास फक्त हेच केलं तरी मला रियाज पूर्ण झाल्यासारखा वाटतो. गत, तोडे, झाला सुट्टीच्या दिवशी.

तबला

‘फक्त हेच’ अगदी पटलं. मी कित्येक महिने दिल्ली घराण्याचा एकच कायदा (ठरलेल्या बोलांची रचना) रोज वाजवतोय: धाधा तिट धाधा तूना, ताता तिट धाधा धीना. सोळा मात्रांत एवढं काय आहे, असं ऐकणाऱ्याला वाटेल. पण ‘ताता तिट’ला डग्गा (जोडीतला घुमणारा, खर्जाचा) गप्प होतो आणि लगेच ‘धाधा धीना’ला परत येतो. लय वाढली की हे परत येणं उशिरा होतं, आणि सगळा कायदा तिथेच लंगडतो.

मेट्रोनोम 60 वर ठेवून आधी बरोबरीत, मग दुगुन (दुप्पट लय), मग चौगुन (चौपट). चौगुनीत ‘तिट’ची दोन अक्षरं एकमेकांना चिकटायला लागली की परत दुगुनीवर. अस्पष्ट ‘तिट’ वेगात घोटत बसलं तर हातात अस्पष्ट ‘तिट’च पक्का होतो. पलटे (त्याच बोलांचे फेरफार) त्यानंतर.

रात्री उशीर झाला तर शेजाऱ्यांची झोपमोड नको म्हणून हातावर ताल देत पढंत करतो, म्हणजे बोल तोंडाने म्हणतो. पढंतीला कमी प्रतीचा रियाज समजू नका. तोंडात अडखळणारा बोल हातातही हमखास अडखळतो.

बासरी

मला शरीराबद्दल लिहायचंय, कारण मोठेपणी शिकणाऱ्यांनी ते लवकर ओळखायला हवं. खालच्या पट्टीच्या मोठ्या बासरीवर भोकांमधलं अंतर जास्त असतं. चाळिशीत बोटं ताणताना माझी अनामिका आणि मनगट दुखायला लागलं. गुरुजींनी मोठी बासरी बाजूला ठेवायला सांगून वरच्या पट्टीची लहान बासरी हातात दिली, आणि भोकं बोटांच्या टोकांऐवजी पेरांच्या सपाट भागाने झाकायला लावली. पुढे मोठी बासरी परत घेतली तेव्हा हात सैल होता. दुखणं सोसत वाजवत राहण्यात काही निष्ठा नाही. थांबावं, आणि तरी दुखत राहिलं तर डॉक्टरांना दाखवावं.

बाकी रियाज रोज मंद्र (खालच्या सप्तकातल्या) पंचमापासून: सहाही भोकं बंद, एका श्वासात एकच स्वर. फुंक जराही हलली तर तिथे लगेच कळते.

पियानो

मी मात्र एकाच गोष्टीवर अर्धा तास बसत नाही. तीन वेगळे तुकडे आलटून पालटून घेते. त्या दिवशी प्रगती कमी दिसते, पण दुसऱ्या दिवशी हातात जास्त उरतं. नवी रचना शेवटच्या चार बारपासून सुरू करते आणि मागे मागे येते. मग सलग वाजवताना पुढे येणारा भाग नेहमी अधिक तयार असतो.

पेटी

पेटीवर सूर आयता मिळतो, असं म्हणतात. तंबोरा लावून शुद्ध गंधार लांबवून बघा. पेटीचा गंधार समान अंतराच्या सप्तकातला, नैसर्गिक गंधारापेक्षा सुमारे 14 सेंट चढा (अर्ध्या स्वराचे 100 सेंट). हा फरक ऐकू यायला लागल्यापासून मी प्रत्येक अलंकार आधी गातो, मग वाजवतो. आवाज कसाही असो, कान तयार होतो.

आता एका मैत्रिणीच्या ख्यालाला साथ करतो. विलंबित (संथ लयीतल्या) एकतालात, म्हणजे बारा मात्रांच्या तालात, समेचा (पहिल्या मात्रेचा) अंदाज येत नाही. प्रत्येक मात्रेचे चार भाग मोजत बसलं तर गाण्याकडे लक्ष राहत नाही. तबलावाले, काही सांगाल?

तबला

मोजण्यापेक्षा ठेक्यातले (तालाच्या ठरलेल्या बोलांतले) दोन ‘तिरकिट’ धरा: एक चौथ्या मात्रेवर, दुसरा दहाव्या. पहिल्यानंतर ‘तू ना’, त्यात डग्गा नाही. दुसऱ्यानंतर ‘धी ना’, तिथे डग्गा घुमतो. तो ‘धी’ ऐकू आला की सम दोन मात्रांवर आली. सुरुवातीला नुसता ठेका लावून हातावर ताल द्या, पेटी उघडू नका. आणि मुखडा (समेवर येणारी बंदिशीची सुरुवातीची ओळ) कितव्या मात्रेवर उठतो ते मैत्रिणीला आधीच विचारून ठेवा.