कॉलेजात सायकोसिसच्या (भास होणं, खोटा संशय खरा वाटणं अशा मानसिक आजाराच्या) तपासणीचा फॉर्म सक्तीचा करावा का?

रामबागकर:
माझं मत, करावा, आणि पहिल्याच वर्षी. धाकटा भाऊ इथेच इंदुरात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना खिडकीला वर्तमानपत्रं चिकटवून बसू लागला. समोरच्या गच्चीवरून कोणी पाळत ठेवतंय म्हणायचा. आईने दृष्ट काढली, पत्रिका दाखवली. डॉक्टरांपर्यंत पोचायला दीड वर्ष गेलं. हा आजार बहुतेकदा याच वयात सुरू होतो आणि उपचाराविना जितके दिवस जातात, तितकं सावरणं अवघड होतं. पीक्यू-१६ या तपासणीच्या फॉर्ममध्ये प्रश्न फक्त १६ आहेत. पाच मिनिटांचं काम!

भंवरकुआं, खोली ७:
दादा, वाचून वाईट वाटलं, पण मी विरोधात. आमच्याकडे असा फॉर्म वर्गातच वाटला होता, वर नाव आणि रोल नंबर. शेजारी मित्र बसलेला असताना ‘आवाज ऐकू येतात’ यावर कोण हो म्हणेल? मी सगळीकडे ‘नाही’ लिहिलं. तेव्हा तीन आठवडे मला धड झोप नव्हती, कोणीतरी हाक मारतंय असं वाटायचं. एकीने खरं लिहिलं, तर थेट तिच्या घरी फोन गेला.

काकू, लोकमान्य नगर:
इथे बाणगंगेच्या मनोरुग्णांच्या इस्पितळाचं नाव निघालं तरी सोयरीक मोडते. मुलीच्या नावावर असा कागद नकोच.

समुपदेशक ताई:
काकू, त्या कागदावर आजाराचं नाव नसतं. सहा किंवा जास्त ‘हो’ आले तर सविस्तर बोलायचं, इतकंच. बोलल्यावर ज्यांना खरंच जास्त धोका दिसतो, त्यांच्यातही दोन-तीन वर्षांत आजार होतो तो साधारण पाचातल्या एकाला. जागरणाने, गांजानेही फॉर्मवरचे ‘हो’ वाढतात. आजी गेल्यावर तिची हाक ऐकू येणं हा तर आजारच नव्हे. शिवाय हजार फॉर्म वाटले तर पुढच्या मुलाखती मी एकटी कधी घेणार? म्हणून सक्ती नको. मुलं येतात ती ‘झोप येत नाही’ म्हणून. आवाजांची गोष्ट तिसऱ्या-चौथ्या भेटीत निघते, तीही मी घरी सांगणार नाही याची खात्री पटल्यावर.

रामबागकर:
जिवाला धोका नसताना न विचारता घरी फोन करणं चूकच. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने गोपनीयतेचा हक्क दिलाय. पण ताई, ज्याला सगळ्या जगाचा संशय येतो तो तुमच्याकडे चौथ्यांदा कशाला येईल? आपण आजारी आहोत हेच भावाला पटत नव्हतं.

भंवरकुआं, खोली ७:
मग त्याने फॉर्म तरी खरा भरला असता का?

रामबागकर:
नसता भरला. हे मान्य करायला जड जातंय. पण त्याच्या प्रॅक्टिकलच्या जोडीदाराला आमच्याआधी तीन महिने कळलं होतं. कोणाला सांगायचं ते त्या पोराला सुचलं नाही.

समुपदेशक ताई:
माझ्याकडे मित्राबद्दल बोलायलाही येता येतं, हे मी मुलांना कधी सांगितलंच नाही. सोमवारी दारावर लिहून लावते. खाली टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६ पण लिहीन, कारण रात्री दोन वाजता मी तिथे नसते.