मदत हवी आहे: जांबुघोड्यात कडा तलावाला वळसा घालून परत येणारी पायवाट

डिसेंबरमधल्या एका रविवारी बडोद्याहून जांबुघोडा अभयारण्यात जायचंय. गाडी आपली, हालोल-शिवराजपूरवरून जाऊ. आम्ही चौघं, त्यात सासूबाई पासष्टीच्या. पावागडच्या पायऱ्या त्या आरामात चढतात, पण उतारावर सुटा मुरूम असला की गुडघे कुरकुरतात. म्हणून सात-आठ किलोमीटर, चढ बेताचा, आणि गेलो त्याच वाटेने परत यायला लागू नये.

सॅटेलाइट नकाशावर कडा तलावाच्या काठाने एक फिकट रेघ दिसते. पुढे एका ओढ्यापाशी ती सागाच्या झाडीत शिरते आणि गायब! गुरांची वाट आहे की जंगलखात्याचा रस्ता, कळत नाही. ओळखीच्या ट्रेकवाल्यांना विचारलं, तर सगळे फिरून फिरून पावागडच सुचवतात. अभयारण्यातलं झंड हनुमान मंदिर पाहून झालंय.

तलावापलीकडे मोहाचं एक खूप जुनं झाड आहे असं कानावर आलंय, तेही बघायचंय. (भायलीजवळच्या गणपतपुऱ्याची गोरखचिंच नव्हे, ती आमच्या घरापासून जवळच.)

जंगल बिबट्या-अस्वलांचं, त्यामुळे वाटाड्याशिवाय शिरणार नाही आणि अंधाराच्या बऱ्याच आधी गाडीपाशी परत येऊ.

ज्यांनी हा भाग पायी फिरून पाहिलाय त्यांनी सांगा: ओढ्यापुढे वाट खरंच तलावाला वळसा घालते का, ते झाड वाटेवरच लागतं का, आणि परवानगी-वाटाड्याचं आधी ठरवावं लागतं की सकाळी तिथे गेल्यावर जमतं?