पेठेतल्या बोळात बेल्ट भाड्याने आणावा का?

प्रश्न: कसबा पेठेत जुना वाडा उतरवतोय. बोळ जेमतेम सात फुटी, जेसीबीचं नाव नको. मागच्या चौकातला 30 ब्रास राडारोडा बाहेर ट्रॉलीत टाकायचाय. आठ माणसं घमेल्यांनी वाहतायत, दुपारपर्यंत कंबर धरून बसतात. भाड्याचा कन्व्हेअर, म्हणजे माल वाहणारा सरकता बेल्ट, परवडेल? लाइट सिंगल फेजच आहे.

उत्तर: दादा, 30 ब्रास म्हणजे 3000 घनफूट, घमेल्यांनी पिट्टा पडणारच. सिंगल फेजवर चालणारे छोटे बेल्ट मिळतात. चढ 20 अंशांच्या आत ठेवा, नाहीतर विटांचे तुकडे गडगडत परत पायाशी. आडव्या पट्ट्यांचा बेल्ट मागा. आणि भाड्यात टेम्पो, जोडणी धरलीय का, ते आधीच विचारा. खरी मेख तिथेच असते.

उत्तर: मी एकदा पोळलोय. भिंतीची पांढरी माती, त्यात धूळ उडते म्हणून पोरांनी पाइप सोडला. चिखल खालच्या रोलरला थापला गेला, बेल्ट एका बाजूला सरकला आणि फ्रेमला घासून कड दोरे सुटेपर्यंत फाटली. मालकाने डिपॉझिटमधून कापून घेतले. तेव्हापासून बेल्ट आला की आधी दहा मिनिटं रिकामा पळवतो, कडांचे फोटो काढतो. चिकटलेली माती मशीन बंद करूनच खरवडायची, चालू बेल्टखाली हात घालू देऊ नका.

प्रश्नकर्ता: पाइप आजच बंद केला. तुळयांचे खिळेवाले तुकडे मात्र हातानेच काढतो, बेल्ट चिरायला एक खिळा पुरे.