मदत हवी आहे: सिकलसेलच्या पेशंटचं पित्ताशय कॉटरीशिवाय दुर्बिणीने काढणं कितपत सुरक्षित?

धानपट्टी: नमस्कार मंडळी. आम्ही सिंदेवाही तालुक्यातले, जिल्हा चंद्रपूर. लहान बहीण १९ वर्षांची आहे, सिकलसेल एसएस पॅटर्न (आई-बाबा दोघांकडून आलेला), त्यासाठी हायड्रॉक्सीयुरियाची गोळी चालू आहे. उन्हाळ्यापासून जेवण झालं की उजव्या बरगडीखाली कळ उठते, पाठीत आणि खांद्यात जाते, उलट्या होतात. सोनोग्राफीत पित्ताशयात बारीक खडे भरलेले निघाले. सिकलसेलमध्ये लाल पेशी लवकर फुटतात, त्यामुळे कमी वयातच असे खडे होतात म्हणे. पित्तनळी सध्या मोकळी आहे.

तालुक्याच्या ठिकाणी एक सर्जन आहेत. त्यांनी वेळ देऊन समजावलं. दुर्बिणीने करू म्हणाले, पण कॉटरी (विजेच्या उष्णतेने कापायचं आणि रक्त थांबवायचं मशीन) न वापरता, कैची आणि क्लिपनेच. चटका बसून पित्तनळीला इजा व्हायची भीती राहत नाही, हे त्यांचं कारण.

माझी धास्ती वेगळी आहे. तिचं हिमोग्लोबिन ८ च्या आसपासच राहते. जाळायचंच नाही तर लिव्हरवरून येणारं रक्त थांबवतात कसं? बाबा म्हणतात डॉक्टर चांगले आहेत, धानाची रोवणी आटोपली की करून टाकू. मामा नागपूरला न्या म्हणून राहिले. कुणाला माहिती असेल तर कृपया सांगा.

सिस्टर_वर्धा: दादा, मी बरीच वर्षं ऑपरेशन थिएटरात सिस्टर होते. डॉक्टर म्हणतात त्यात तथ्य आहे. कॉटरीची उष्णता टोक टेकलं तिथंच थांबत नाही, बाजूला पसरते. दांडीवरचं आवरण खराब असेल तर कॅमेऱ्यात न दिसणाऱ्या जागीही करंट उतरतो. असा चटका त्या दिवशी कळत नाही. काही दिवसांनी ती जागा सुटते आणि पित्त पोटात झिरपतं. म्हणून पित्तनळीजवळ कॉटरी टाळणं किंवा अगदी जपून वापरणं केव्हाही चांगलं.

पण कॉटरी नाही म्हणजे नळी सुरक्षित, असं धरू नका. मुख्य पित्तनळीलाच पित्ताशयाची नळी समजून क्लिप लावली, कापली, तर सगळ्यात मोठं नुकसान होतं, आणि ते कैचीनेही होतं. त्यासाठी स्ट्रासबर्ग यांनी १९९५ मध्ये ‘क्रिटिकल व्ह्यू ऑफ सेफ्टी’ मांडला. चरबी साफ करायची, पित्ताशयाचा खालचा भाग लिव्हरपासून सोडवायचा आणि पित्ताशयात जाणाऱ्या दोनच गोष्टी, एक नळी आणि एक रक्तवाहिनी, स्पष्ट दिसल्याशिवाय काहीच कापायचं नाही. तुमचे डॉक्टर हे पाळतात का, ते आधी विचारा.

रक्ताचं म्हणाल तर योग्य थरातून सोडवलं की लिव्हरवरून थोडंच येतं, गॉज दाबून धरला की बहुधा थांबतं. थर चुकून आत गेलं तर मात्र कॉटरी लागू शकते. त्यामुळे ‘वापरत नाही’ म्हणजे मशीन जोडतच नाहीत, की फक्त नळीपाशी टाळतात? या दोन्हींत फार फरक आहे. हार्मोनिक (वेगाने थरथरणाऱ्या पात्याचं कापायचं हत्यार) वापरतो म्हणाले तर तेही उष्णतेनेच काम करतं, फक्त चटका कमी पसरतो.

खरं सांगू, मला जास्त काळजी भुलेची वाटते. ऑक्सिजन कमी पडला, अंग गार पडलं, उपाशी ठेवून शरीरातलं पाणी कमी झालं, तर सिकलसेलमध्ये क्रायसिस (पेशी अडकून होणारा जोराच्या दुखण्याचा झटका) येऊ शकते, छातीही भरते. उपाशी असताना सलाईन चालू हवी, थिएटरात अंग गरम ठेवायला हवं. एसएस पेशंटला अशा ऑपरेशनआधी बहुधा रक्त देऊन हिमोग्लोबिन १० च्या जवळ आणतात, त्याच्या फार वर नेत नाहीत. रक्तपेढीला ‘सिकलसेल’ असं आवर्जून सांगा, मग ते रक्त जास्त बारकाईने जुळवतात. ही सोय तिथं आहे का?

धानपट्टी: ताई, खूप आभार. आज डॉक्टरांना भेटून आलो. मशीन जोडलेलीच असते, फक्त नळीपाशी वापरत नाही, लिव्हरवर गरज पडली तर वापरतो म्हणाले. क्रिटिकल व्ह्यूचं तर त्यांनी कागदावर काढूनच दाखवलं. त्या बाजूने माझं मन निवलं. पण रक्तपेढी आणि आयसीयू तिथं नाही, आणि तुमचे मुद्दे ऐकल्यावर तेच म्हणाले की हिला नागपूरच्या मेडिकललाच (सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात) न्या, चिठ्ठी देतो. रोवणीसाठी आता थांबत नाही. मेडिकलला आधी सर्जरीच्या ओपीडीत दाखवायचं की मेडिसिनच्या? आणि महात्मा फुले योजनेसाठी आरोग्यमित्राला भरती व्हायच्या आधी भेटावं लागतं का? कुणी नुकतंच जाऊन आलं असेल तर सांगा.