सगळी फीचर्स एका माळेत नका ओवू
गाडीतल्या असिस्टमुळे, म्हणजे ड्रायव्हरला मदत करणाऱ्या फीचर्समुळे, माणूस ड्रायव्हिंगच विसरतो असं म्हणतात, पण सगळ्यांना एकच न्याय कसा लावणार? बॉश कंपनीचं इलेक्ट्रॉनिक एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) १९७८ साली मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये आलं, त्यानंतर ब्रेक पंप करायचं, म्हणजे पुन्हा पुन्हा दाबून सोडायचं, कसब हळूहळू गेलंच की, कोणाचं काय अडलं? उलट एबीएसवाल्या गाडीत जुन्या सवयीने पंप केलं तर गाडी थांबायला जास्त अंतर घेते, पाय दाबूनच ठेवायचा असतो. खरी गोची लेन असिस्ट (गाडी रस्त्यावरच्या पट्ट्यांच्या आत ठेवणारं) आणि अडॅप्टिव्ह क्रूझची (पुढच्या गाडीपासून अंतर राखत वेग ठेवणारं), कारण गाडी ते सांभाळतात आणि आपल्याकडे उरतं नुसतं लक्ष ठेवायचं काम, जे माणसाला जमतच नाही, थोड्या वेळात मन भलतीकडे जातं आणि मग पट्टे पुसलेले आले किंवा कॅमेऱ्यावर चिखल बसला की सिस्टीम नेमकी तेव्हाच हात वर करते. रिव्हर्स कॅमेरा मात्र मी सोडणार नाही (आळशी म्हणा हवं तर), गाडीच्या अगदी मागे उभं असलेलं लहान मूल आरशात दिसत नाही.