[मंडळ-चर्चा] फेब्रुवारीत घर विक्रीला, आणि घर रिकामं

प्रेषक: स. जो., प्लिमथ

नमस्कार मंडळी,

नोकरीमुळे आम्ही १० जानेवारीला डॅलसला हलतोय. प्लिमथचं घर फेब्रुवारीच्या मध्यावर विक्रीला काढायचंय. दुमजली, १९९२ चं बांधकाम, गॅस फर्नेस (घर तापवणारी भट्टी), बेसमेंट फिनिश्ड. महिनाभर घर रिकामं राहील, मग शोइंग (घेणाऱ्यांना घर दाखवणं) सुरू. उत्तरेकडच्या वळचणीला दरवर्षी बर्फाची जाड कड धरते आणि हातभर पागोळ्या लोंबतात. आत अजून गळलेलं नाही. रिअल्टर (घर विकून देणारे एजंट) म्हणतात रंग आणि कार्पेट बघा. मिनेसोटाच्या थंडीत आधी काय बघावं? आणि पाणी बंद करून जावं की चालू ठेवावं?

स. जो.

---

प्रेषक: अ. दे., वुडबरी
विषय: पुनः फेब्रुवारीत घर विक्रीला

रंग-कार्पेट नंतर. आधी अ‍ॅटिकमध्ये (छताखालच्या पोकळीत) चढा, आणि बाहेर ०° फॅ.च्या खाली असेल अशाच सकाळी चढा. उन्हाळ्यात तिथे काही कळत नाही.

वळचणीवर बर्फ धरतो तो गटर तुंबल्यामुळे, हा समज डोक्यातून काढा. घरातली गरम हवा फटींमधून अ‍ॅटिकमध्ये जाते, छत तापतं, त्यावरचा बर्फ खालून वितळतो. ते पाणी उतारावरून भिंतीबाहेरच्या गार वळचणीपर्यंत येतं आणि तिथे गोठतं. मग त्या बांधामागे पाणी तुंबतं आणि शिंगल्सखालून (छतावरच्या कौलांसारख्या पट्ट्यांखालून) उलटं वर शिरतं. आत गळलं नाही याचं कारण बहुधा कडेला शिंगल्सखाली चिकटपट्टा असावा (आईस अँड वॉटर शील्ड, तो बाहेरच्या भिंतीच्या रेषेपासून निदान २४ इंच आतपर्यंत हवा). पट्टा आहे म्हणून रोग बरा होत नाही.

टॉर्च मारून छताच्या प्लायमधून खाली आलेल्या खिळ्यांची टोकं बघा. टोकांवर पांढरं दहिवर गोठलेलं असेल तर घरातली दमट हवा वर येतेय. मग इन्सुलेशन उचलून बघा. फायबरग्लासवर जिथे काळे डाग दिसतील तिथे खाली फट आहे; वर्षानुवर्षं त्यातून जाणाऱ्या हवेतली धूळ तिथे गाळली गेलेली असते. खडूची खूण करा.

फटी नेहमीच्याच: बाथरूमच्या पंख्याचं खोकं, प्लंबिंगचा व्हेंट पाइप, आतल्या भिंतींच्या माथ्यावर वायरी चढतात ती भोकं, फर्नेसच्या चिमणीभोवतीची पोकळी, आणि सगळ्यात मोठी म्हणजे अ‍ॅटिकचं दार. लहान फटींना डब्यातला फोम चालतो. पत्र्याच्या चिमणीपाशी फोम अजिबात नको. तिथे पत्रा कापून बसवायचा आणि कड उष्णतारोधक सीलंटने भरायची. छतात बसवलेले जुने दिवे इन्सुलेशनखाली झाकायच्या योग्यतेचे नसतील तर ते झाकू नका, आगीचा धोका असतो. हवाबंद एलईडी बसवून घ्या. अ‍ॅटिकच्या दाराला वरून २ इंची कडक फोमचे दोन थर चिकटवा आणि चौकटीला वेदरस्ट्रिप लावा.

फटी बुजल्या की मगच इन्सुलेशन. आर-४९ (आर म्हणजे उष्णता अडवण्याचं माप) गाठायला ब्लोन सेल्युलोज (मशीनने फुंकायचा कागदी लगदा) साधारण १४ इंच लागतं (इंचाला ३.५ धरा). कंत्राटदार हे काम उलट्या क्रमाने करतात, कारण मशीनने इन्सुलेशन फुंकणं सोपं आणि रांगत फटी शोधणं अवघड. असा भाव देणाऱ्याला परत पाठवा. फुंकण्याआधी वळचणीपाशी छताच्या दोन वाशांमध्ये बॅफल (हवेला वाट ठेवणारे पन्हळ) हवेत, नाहीतर सॉफिटची (वळचणीच्या खालच्या बाजूच्या झरोक्यांची) हवा अडते. हवा खेळायला अ‍ॅटिकच्या दर ३०० चौरस फुटांना १ चौरस फूट उघडी जागा, निम्मी खाली, निम्मी माथ्यावर. बाथरूमच्या पंख्याची नळी बऱ्याच घरांत सॉफिटपाशी नुसती टाकून दिलेली सापडते. ती इन्सुलेट करून छतातून किंवा भिंतीतून थेट बाहेर काढा.

आत्ता धरलेल्या बर्फावर कुऱ्हाड, हातोडी, रॉक सॉल्ट यांतलं काही नको. शिंगल्स जातात. ताजा बर्फ पडला की जमिनीवर उभं राहून रूफ रेकने (लांब दांड्याच्या फावड्याने) कडेपासून ३-४ फूट ओढून काढा. बांध आधीच झाला असेल तर वाफेने बर्फ वितळवणारा स्टीमवाला बोलवा. तोवर पाण्याला वाट करून द्यायची असेल तर जुन्या मोज्यात कॅल्शियम क्लोराईड भरून तो मोजा बांधावर आडवा नव्हे, उभा, म्हणजे उताराच्या दिशेने ठेवा.

कडेला नागमोडी हीट केबल (बर्फ वितळवणारी विजेची तार) टाकून घ्या असं कोणीतरी सुचवेलच. माझं मत विरोधात आहे. ती केबल बघितली की घेणाऱ्याचा इन्स्पेक्टर पहिल्यांदा अ‍ॅटिकचीच शिडी उघडतो.

अ. दे.

ता.क. १९९० पूर्वीच्या घरात चंदेरी-तपकिरी, खड्यांसारखं इन्सुलेशन दिसलं तर ते व्हर्मिक्युलाइट. त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. हात न लावता तपासून घ्या.

---

प्रेषक: मी. कु., इगन
विषय: पुनः फेब्रुवारीत घर विक्रीला

अ. दे. काकांना अनुमोदन. आता विक्रीची बाजू.

फेब्रुवारीत छत, डेक, ड्राइव्हवे, अंगणाचा उतार सगळं बर्फाखाली असतं. जे दिसत नाही ते खराबच असणार असं घेणारा धरून चालतो आणि तेवढे पैसे पाडून मागतो. म्हणून कागदांची एक फाइल स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवा: छताचं बिल, अ‍ॅटिकच्या कामाचं बिल (आधीचे-नंतरचे फोटो लावून), फर्नेस सर्व्हिसिंगची पावती आणि एसीची पावती. ही शेवटची विसरू नका. बाहेर साधारण ६०° फॅ.च्या खाली असताना इन्स्पेक्टर एसी चालवत नाहीत, तेव्हा तुमच्या बाजूने बोलायला तेवढीच पावती असते. अंगणाचे जूनमधले फोटो लिस्टिंगला जरूर घाला, खाली महिना-वर्ष लिहा.

रेडॉन (जमिनीतून घरात शिरणारा किरणोत्सारी वायू): मिनेसोटात १ जानेवारी २०१४ पासून विक्रेत्याला रेडॉनची माहिती लेखी द्यावी लागते, पूर्वी टेस्ट केली असेल तर तिचे आकडेही. टेस्ट करायची सक्ती नाही, पण घेणारा करणारच, आणि हिवाळ्यात बंद घरात आकडा चढा येतो. ४ पिकोक्युरी प्रति लिटर किंवा त्यावर आला की मिटिगेशनची (पाइप-पंख्याने रेडॉन बाहेर काढायच्या सिस्टिमची) मागणी ठरलेली. आधीच करून घ्या. टेस्टच्या १२ तास आधीपासून दारं-खिडक्या बंद आणि टेस्ट निदान ४८ तास. घरात सिस्टिम असेल तर पाइपवरची यू आकाराची नळी बघा. दोन्ही बाजूंचं रंगीत पाणी एका पातळीत असेल तर पंखा बंद पडलाय.

कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म प्रत्येक झोपायच्या खोलीपासून १० फुटांच्या आत लागतो. मिनिअ‍ॅपोलिस, ब्लूमिंग्टनसारख्या काही गावांत विक्रीआधी शहराची वेगळी तपासणी असते. तिथल्या सभासदांनी घर बाजारात काढण्याआधी ती उरकावी.

सीलिंगवर कुठे पाण्याचा डाग असेल तर नुसता रंग मारू नका. कारण दुरुस्त करा, शेलॅक प्रायमर लावा, मग रंग, आणि डिस्क्लोजरमध्ये (घराचे दोष सांगणाऱ्या विक्रेत्याच्या लेखी निवेदनात) लिहा. साध्या लॅटेक्स रंगातून डाग महिन्याभरात परत वर येतो, आणि लपवलेला डाग कोर्टात महाग पडतो.

वासाबद्दल स्पष्ट लिहिते, राग मानू नका. थंडीत खिडक्या बंद, त्यामुळे फोडणीचा वास कार्पेटात आणि पडद्यांत मुरतो. आपल्याला तो येत नाही. चुलीवरच्या हूडची जाळी गरम पाणी आणि डिशवॉशरच्या साबणात भिजवा, कपाटांच्या माथ्यावरचा चिकट थर पुसून काढा, हिंगाची डबी आणि मसाले आधी हलवा. हूडची नळी बाहेर जाते का तेही बघा. बऱ्याच घरांत हवा गाळून परत घरातच सोडतात. मेणबत्त्या आणि सुगंधी प्लग लावू नका. घेणारे लगेच विचारतात, काय झाकताय?

बर्फ काढायच्या करारात "२ इंच पडला की या" एवढंच लिहून भागत नाही. पायऱ्या, दारापर्यंत निदान ३ फुटी वाट, मागचं डेक, गॅस आणि विजेचे मीटर, आणि नगरपालिकेचा बर्फ सारणारा नांगर ड्राइव्हवेच्या तोंडाशी टाकून जातो तो ढीग, हे सगळं नावानिशी लिहून घ्या. काढलेला बर्फ घराच्या भिंतीशी रचू देऊ नका, मार्चमध्ये तो बेसमेंटमध्ये उतरतो. मीठ बेताने: १२ औंसाचा एक कॉफी मग २० फुटी ड्राइव्हवेला पुरतो. साधं मीठ १५° फॅ.च्या खाली काम करत नाही, तेव्हा कॅल्शियम क्लोराईड किंवा नुसती वाळू. नवीन काँक्रीटला पहिल्या हिवाळ्यात कुठलंच मीठ नको, पापुद्रे सुटतात.

दाराशी बुटांचा ट्रे आणि दोन खुर्च्या ठेवा. चपला बाहेर काढायची आपली सवय इथे बरी कामाला येते. बुटांवरची निळी आवरणं मात्र दाराच्या आत ठेवा, बर्फाळ पायरीवर ती सपशेल घसरतात. डिसेंबर-जानेवारीत पाच वाजता अंधार असतो. बाहेरचे आणि प्रत्येक मजल्यावरचे दिवे टायमरवर टाका.

मी. कु.

---

प्रेषक: वि. पा., मेपल ग्रोव्ह
विषय: पुनः फेब्रुवारीत घर विक्रीला: पाणी

पाण्याचं कोणी बोललं नाही म्हणून लिहितो.

पूर्ण विंटरायझिंग म्हणजे मेन (घरात येणाऱ्या पाण्याची मुख्य तोटी) बंद, आधी गॅस बंद करून पाण्याचा हीटर रिकामा, कॉम्प्रेसरने नळ्या फुंकायच्या, आणि प्रत्येक ट्रॅपमध्ये (सिंक-ड्रेनखालच्या पाणी धरणाऱ्या वाकड्या नळीत) गुलाबी अँटिफ्रीझ. ते प्रॉपिलीन ग्लायकोलचं. गाडीतलं वापरू नका, विषारी असतं. डिशवॉशर आणि वॉशिंग मशीनच्या पंपात उरलेलं पाणी लोक विसरतात आणि नेमके तेच पंप फुटतात.

पण विक्रीच्या घराला हे सगळं करू नये असं माझं म्हणणं. इन्स्पेक्टरला पाणी चालू लागतं, घेणाऱ्याचं कर्ज एफएचएचं (सरकारी हमीचं) असेल तर अप्रेझरलाही (घराची किंमत ठरवणाऱ्यालाही). प्रत्येक वेळी प्लंबर आणून चालू-बंद करत बसाल. मधला मार्ग असा:

थर्मोस्टॅट ६०° फॅ.वर. ५५ वरही चालतं, पण गॅरेजवरच्या खोलीतला आणि बाहेरच्या भिंतीतला पाइप ५५ ला गारठतो. पाणी मेनपाशी बंद, सगळ्यात खालचा आणि सगळ्यात वरचा नळ थोडा उघडून दाब उतरवा. नळी फुटलीच तर जेवढं आत उरलंय तेवढंच सांडेल, रात्रभर वाहणार नाही. पाण्याचा हीटर व्हेकेशनवर, ह्युमिडिफायरची (घरातली हवा दमट ठेवणाऱ्या यंत्राची) तोटी बंद. बाहेरच्या भिंतीला लागून सिंक असेल तर त्याखालच्या कपाटाची दारं उघडी. घरात आगीचे स्प्रिंकलर असतील तर (काही टाउनहोम्समध्ये असतात) मेन बंद करण्याआधी असोसिएशनला विचारा.

मेन बंद असताना टॉयलेटची टाकी एकदाच फ्लश होते. झाकणावर चिठ्ठी लावा, शोइंगला येणारी मुलं हमखास जातात.

बेसमेंटच्या फ्लोअर ड्रेनमध्ये बादलीभर पाणी आणि वर दोन चमचे खाण्याचं तेल ओता. हिवाळ्याच्या कोरड्या हवेत ट्रॅप सुकतो आणि गटाराचा वास घरभर फिरतो. तेलाने बाष्पीभवन मंदावतं.

फर्नेस हाय-एफिशियन्सीची असेल तर भिंतीतून बाहेर आलेले दोन पांढरे पीव्हीसी पाइप बघा. वाऱ्याने तिथे बर्फ रचला की फर्नेस दोन-तीनदा पेटायचा प्रयत्न करते आणि लॉक होते. उणे १५ मध्ये रिकामं घर एका दिवसात गोठू शकतं. पाइपांची तोंडं बर्फाच्या पातळीपेक्षा निदान १२ इंच वर हवीत, आणि बर्फवाल्याला ती जागा बोट दाखवून सांगून ठेवा. फिल्टर निघायच्या दिवशी नवा घाला.

इंटरनेट तोडू नका. वाय-फाय गेलं की स्मार्ट थर्मोस्टॅट डॅलसमधून आंधळा. वीज गेली तर राउटरही जातो, म्हणून बॅटरी आणि सिमवर चालणारा तापमानाचा अलार्म वेगळा लावा आणि त्याची सीमा ५० वर ठेवा. वीज, गॅस, पाणी यांची खाती क्लोजिंगच्या (विक्री पूर्ण होण्याच्या) दिवसापर्यंत तुमच्याच नावावर.

आणि निघण्याआधी विमा एजंटला ईमेल करा, फोन नव्हे. बऱ्याच पॉलिसींत घर ३० किंवा ६० दिवस रिकामं राहिलं की काही संरक्षण गळतं. पाइप गोठून झालेलं नुकसान तर घरात उष्णता राखली असेल किंवा पाणी काढून टाकलं असेल तरच भरून देतात. उत्तर लेखी घ्या. आठवड्यातून दोनदा कोणीतरी आत जाऊन आलं पाहिजे. तारखांची वही ठेवा.

वि. पा.

---

प्रेषक: स. जो., प्लिमथ

काका, ताई, वि. पा., खूप आभार. दोन गोष्टी राहिल्या. सकाळी खिडक्यांच्या तळाशी पाणी आणि बर्फ जमतो. खिडक्या बदलायला लागतील का? आणि लाकडी जमिनीत फटी पडल्यात, त्या पुटीने भरून घेऊ का?

---

प्रेषक: अ. दे., वुडबरी

खिडक्या नाही, ह्युमिडिफायर. तो ऑक्टोबरात ४० वर ठेवला असेल आणि तसाच राहिला असेल. बाहेर १० ते २०° फॅ. असेल तर घरात ३५% आर्द्रता पुरे; ० ते १० ला ३०; उणे १० पर्यंत २५; त्याखाली २०. शोइंगला आलेल्या माणसाला ओली चौकट दिसली की तो पंधरा खिडक्यांची किंमत मनात वजा करतो. मात्र पाणी दोन काचांच्या मध्ये असेल तर सील गेलंय, पुसून जाणार नाही. तेवढी काच बदला, चौकट नको.

जमिनीच्या फटींना हात लावू नका. कोरड्या हवेत लाकूड आकसतं, जूनमध्ये फुगून फटी मिटतात आणि पुटी बाहेर फेकली जाते. आर्द्रता अगदी १५ वर आणलीत तर फटी आणखी वाढतील, म्हणून वरचे आकडे सांभाळा.

---

प्रेषक: वि. पा., मेपल ग्रोव्ह

एक राहिलं. सम्प पंपाच्या (बेसमेंटखाली साचणारं पाणी उपसणाऱ्या पंपाच्या) बाहेरच्या पाइपला लांब होज जोडलेला असेल तर आजच काढा. होजमध्ये पाणी गोठतं, पंप तुंबलेल्या नळीवर ढकलत राहतो आणि जळतो. बाहेरच्या नळाला बागेचा होज राहिला असेल तर तोही. न गोठणारा नळसुद्धा होज लावलेला असला की आतून फुटतो, आणि ते एप्रिलमध्ये नळ उघडल्यावर भिंतीतून पाणी आलं की कळतं.

---

प्रेषक: मी. कु., इगन

माझा २१ फुटी रूफ रेक रिकामाच आहे. तुकडे सुटतात, गाडीत मावतो. ज्यांना हवाय त्यांनी संक्रांतीच्या कार्यक्रमाला कळवा, घेऊन येते. अ‍ॅल्युमिनियमचा आहे, त्यामुळे घरावर येणाऱ्या विजेच्या तारेच्या बाजूला वापरू नका.